श्नायडर जिंकलं, क्रुप हरलं? १९१२ च्या बल्गेरियन तोफखान्याबद्दल एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पहिल्या बाल्कन युद्धात बल्गेरियाकडे फ्रेंच श्नायडर तोफा होत्या आणि तुर्कांकडे जर्मन क्रुप. श्नायडर सरस होत्या म्हणून बल्गेरियन लुले बुर्गासच्या लढाईत जिंकले असं वाचलं. मग त्याच तोफा पंधरा दिवसांनी इस्तंबूलजवळच्या चाताल्जाला का चालल्या नाहीत? आणि सोबतच्या फोटोतली सोफियाच्या लष्करी इतिहास संग्रहालयातली तोफ श्नायडरच आहे ना?"

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग पहिल्या भागाला आपोआप छेद देतो. तोफ तीच, गोलंदाज तेच, आणि पंधरा दिवसांत निकाल उलटा. म्हणजे निकाल तोफेच्या कारखान्यावर ठरत नव्हता. खरा प्रश्न असा आहे की ७५ मिलिमीटरची जलद माऱ्याची मैदानी तोफ कोणतं काम करू शकते, कोणतं करू शकत नाही, आणि त्या शरद ऋतूत बल्गेरियन सैन्याने तिच्याकडून कोणकोणती कामं मागितली.

"क्रुप विरुद्ध श्नायडर" ही मांडणी त्या काळच्या युरोपीय वर्तमानपत्रांनी उचलून धरली होती. दोन्ही कंपन्या जगभर ऑर्डरी मिळवायला धडपडत होत्या, त्यामुळे लढाईचा निकाल ही आयती जाहिरात होती. पण बाल्कनचाच पुढचा-मागचा इतिहास पाहिला की ती मांडणी कोसळते. नोव्हेंबर १८८५ मध्ये स्लिव्हनित्साला बल्गेरियनांनी सर्बांना हरवलं तेव्हा त्यांच्याकडे क्रुपच्या पोलादी, मागून भरायच्या तोफा होत्या, तर सर्बांच्या बऱ्याच तोफा अजून पुढून भरायच्या, पितळी. म्हणजे तेव्हा "क्रुप जिंकलं". १९१३ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या बाल्कन युद्धात सर्बिया आणि ग्रीस या दोघांकडेही श्नायडरच्याच तोफा होत्या, बल्गेरियाकडेही त्याच, आणि बल्गेरिया हरला. त्याच वेळी उत्तरेकडून रुमानियाचं सैन्य क्रुपच्या तोफा घेऊन जवळजवळ न लढता आत शिरलं. कारखान्याच्या नावावरून यातलं काहीच उलगडत नाही.

आकडेही तेच सांगतात. बल्गेरियाची श्नायडर १९०४ नमुन्याची तोफ आणि ऑटोमन सैन्याची क्रुपची जलद माऱ्याची तोफ, दोन्ही ७५ मिमी. दोन्हींचा गोळा साधारण साडेसहा किलोचा, नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास. फरक होता तो रचनेत. श्नायडरच्या नळीला मागे फिरवून बंद करायचा स्क्रूचा ब्रीच (नळीचं मागचं दार), तर क्रुपला आडवा सरकणारा ठोकळा. झाडलेली नळी पुन्हा जागेवर आणायला श्नायडरमध्ये तेल आणि दाबलेली हवा, क्रुपमध्ये स्प्रिंगा. हवेच्या दाबाची यंत्रणा हलकी आणि मऊ चालते, पण तिची सीलं जपावी लागतात. स्प्रिंग तुटली तर पटकन दिसते आणि बदलता येते. देखभालीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. पंधरा दिवसांत निकाल उलटवण्याइतका मात्र नाही.

तोफखाना अभ्यासताना मी कारखान्याचं नाव सगळ्यात शेवटी बघतो. आधी गोळा कोणता ते बघायचं. मग समोर काय आहे: उघड्यावरची माणसं, खंदक की मातीचे बुरुज? मग गोळा पडतो तिथे कोणाची नजर पोचते? आणि मागून रोज किती गोळे येतात? याच क्रमाने पुढे जाऊ.

आधी बल्गेरियाकडे काय होतं ते. ऑटोमन राजवटीतून मुक्तीनंतर १८७८ मध्ये रशियनांनी मागे ठेवलेल्या तोफांपासून त्यांचा तोफखाना सुरू झाला. त्याआधी १८७६ च्या एप्रिल उठावात बंडखोरांनी चेरीच्या झाडाचं खोड पोखरून, बाहेरून लोखंडी कड्या ठोकून तोफा बनवल्या होत्या. बल्गेरियन आठवणीत त्यांचं स्थान मोठं आहे, पण लाकूड दारूचा दाब सहन करत नाही, त्यामुळे लष्करी उपयोग जवळजवळ शून्य. १८८५ मध्ये झारने रशियन अधिकारी परत बोलावले आणि बल्गेरियन सैन्यात सर्वांत वरचा हुद्दा कॅप्टनचा उरला. तरी तोफखान्याने स्लिव्हनित्साला चांगलं काम केलं. इथून पुढे वीस वर्षं मुख्य तोफ क्रुपची ८७ मिमी.

१९०४ पासून मोठा बदल झाला. श्नायडरकडून ८१ बॅटऱ्या, प्रत्येकी ४ तोफा, म्हणजे ३२४ तोफा घेतल्या. हा आकडा सैन्याच्या रचनेशी नेमका जुळतो: ९ डिव्हिजन, प्रत्येकीला ९ बॅटऱ्यांची एक रेजिमेंट, म्हणजे ३६ तोफा. कोणत्याही बल्गेरियन युद्धवृत्तात "जलद माऱ्याची रेजिमेंट" असा उल्लेख आला की या ३६ श्नायडर समजायच्या. जुन्या ८७ मिमी क्रुपही टाकून दिल्या नव्हत्या. त्यांच्या वेगळ्या तुकड्या करून डिव्हिजनांना जोडल्या होत्या आणि कागदोपत्री त्यांना सरळ "जलद माऱ्याच्या नसलेल्या" म्हटलेलं असतं. शिवाय सुट्ट्या करून जनावरांच्या पाठीवर लादता येणाऱ्या ७५ मिमी डोंगरी तोफा होत्या. १२० मिमी आणि १५० मिमी हॉविट्झर, म्हणजे गोळा उंच फेकणाऱ्या तोफा, मात्र मोजक्याच. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, सगळं तिथेच अडतं.

जलद माऱ्याची तोफ म्हणजे नेमकं काय? जुन्या ८७ मिमीत गोळा सुटला की अख्खा गाडा मागे सरके. गोलंदाजांनी तो ढकलून जागेवर आणायचा, पुन्हा नेम धरायचा, मग पुढचा गोळा. मिनिटाला एक-दोन गोळे झाले तर पुष्कळ. नव्या तोफेत फक्त नळी पाळण्यावर मागे जाते आणि आपसूक परत येते, गाडा जमिनीत रुतून जागीच राहतो. गोळा आणि दारू एकाच पितळी काडतुसात असते. त्यामुळे नेम न हलवता मिनिटाला दहा-बारा गोळे सहज, थोडा वेळ त्याहूनही जास्त. गोलंदाज तोफेजवळच बसून राहतात, म्हणून पुढे पोलादी ढाल लावता येते. नेमाचं साधन सुधारल्यामुळे तोफ टेकडीमागे लपवून, समोरचं न दिसताही मारा करता येतो. सहाऐवजी चार तोफांची बॅटरी पुरते ती याचमुळे.

आता गोळा. १९१२ च्या मैदानी तोफेचा मुख्य गोळा होता श्रॅपनेल. आत शिशाच्या दोनशेहून अधिक गोळ्या आणि वेळेवर फुटणारा फ्यूज. हा गोळा जमिनीवर आपटून फुटायचा नसतो. लक्ष्याच्या पन्नास ते शंभर मीटर अलीकडे, काही मीटर उंचीवर फुटला तर आतल्या गोळ्या पुढे शंकूसारख्या पसरून उघड्या माणसांवर पडतात. फ्यूजमधल्या दारूच्या कड्याची लांबी हाताने लावायची. तीन किलोमीटरवर गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे तीनशे मीटरवर आलेला असतो. फ्यूज दशांश सेकंद चुकला तरी स्फोट तीस मीटर पुढे-मागे होतो. दमट हवेत आणि थंडीत दारू हळू जळते, म्हणून पहिले गोळे बहुधा उशिरा फुटतात आणि वाया जातात. बॅटरी कमांडरला स्फोट दिसला तरच तो पुढचा हुकूम बरोबर देऊ शकतो. नजर हे या गोळ्याचं अर्धं काम आहे.

याच गोळ्याची दुसरी मर्यादा भूमितीची. सेकंदाला ५०० मीटरने सुटलेला गोळा तीन किलोमीटरवर सुमारे आठ-नऊ अंशांनी खाली येतो, म्हणजे जवळजवळ जमिनीला समांतर. समोर दोन मीटर उंच मातीचा बांध असेल तर गोळा बांधाच्या माथ्यावरून जाऊन त्यामागे बारा-तेरा मीटरवर जमिनीला लागतो. श्रॅपनेलच्या शंकूचा खालचा भाग धरला तरी बांधामागचे सहा-सात मीटर सुरक्षित राहतात. खंदकातला शिपाई तिथेच बसलेला असतो. डोक्यावर फळ्या आणि हातभर माती असेल तर शिशाच्या गोळ्यांना तिथे कामच उरत नाही. ७५ मिमीचा स्फोटक गोळा वापरला तरी त्यात दारू इतकी थोडी की मातीच्या बुरुजाला खळगा पडतो, बुरुज हलत नाही. हॉविट्झर मात्र गोळा वर फेकते आणि तो तीस-पंचेचाळीस अंशांनी खाली येतो. तोच दोन मीटरचा बांध मग फक्त दोन ते साडेतीन मीटर जागा वाचवू शकतो, आणि १२० मिमीचा गोळा वजनानेही कितीतरी भारी असतो.

हे हाताशी ठेवून दोन्ही लढाया बघा.

लुले बुर्गासची लढाई २८ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर १९१२. उघडा, लाटांसारखा उंच-सखल प्रदेश, घाईने खणलेले उथळ खंदक, आणि ऑटोमन फौज कर्क किलिसेहून आधीच मागे हटून विस्कळीत झालेली. त्या माघारीत चिखलात रुतलेल्या कितीतरी तोफा त्यांनी सोडून दिल्या होत्या. उघड्यावर हलणारं पायदळ आणि समोरच्या उतारांवरच्या तोफा ही श्नायडरची नेमकी शिकार. बॅटऱ्या टेकड्यांमागे लपून, कड्यावरच्या निरीक्षकाच्या नजरेने मारा करत होत्या. तरीही विजय स्वस्त नव्हता. बल्गेरियनांचे सुमारे वीस हजार सैनिक मेले किंवा जखमी झाले.

या विजयातला किती वाटा तोफांचा आणि किती ऑटोमन बाजूच्या दुरवस्थेचा, हे आघाडीच्या कोणत्या भागाबद्दल बोलतो त्यावर अवलंबून आहे. अब्दुल्ला पाशाच्या फौजेची जमवाजमव अर्धवट होती, राखीव सैनिकांना पुरेसं शिक्षण नव्हतं, अन्न आणि दारूगोळा वेळेवर पोचत नव्हता. त्यांच्या क्रुप जिथे नीट मांडलेल्या होत्या आणि मागे गोळे होते तिथे त्यांनी बल्गेरियन पायदळाला भरपूर रक्त सांडायला लावलं. गोळे नसलेली तोफ श्नायडर असो की क्रुप, ती ओझंच असते.

मग चाताल्जा, १७ आणि १८ नोव्हेंबर. इस्तंबूलच्या पश्चिमेला, काळ्या समुद्राकडच्या देर्कोस सरोवरापासून मारमारा समुद्राकडच्या ब्युयुकचेकमेजेपर्यंतची ही तटबंदी १८७७-७८ च्या रशिया-तुर्क युद्धाच्या काळापासूनची. समोर कारासू नदीचं दलदलीचं खोरं, त्यापलीकडे उंचावर मातीचे बुरुज. दोन्ही बाजूंना पाणी, त्यामुळे वळसा घालून मागे जायला वाटच नाही. त्या पाण्यात ऑटोमन युद्धनौका. बार्बारोस हायरेद्दीन आणि तुर्गुत रेईस या मूळच्या जर्मन युद्धनौकांवर २८ सेंटिमीटरच्या तोफा होत्या. रादको दिमित्रिएव्हच्या हाताखालच्या पहिल्या आणि तिसऱ्या बल्गेरियन सैन्याने समोरून हल्ला केला.

इथे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर उलटं येतं. लक्ष्य: बांधामागची, छपराखालची माणसं. गोळा: श्रॅपनेल. मार्ग: सपाट. नजर: बुरुज उंचावर, बल्गेरियन निरीक्षक खाली, त्यात धुकं. धुक्याचा फायदा घेऊन पायदळाने पुढचे काही मोर्चे घेतलेही, पण त्यांना आधार द्यायला गोलंदाजांना काही दिसत नव्हतं. धुकं विरलं तेव्हा ते मोर्चे ऑटोमन तोफांच्या थेट माऱ्याखाली आले आणि सोडावे लागले. दोन दिवसांत बल्गेरियनांचे जवळपास बारा हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. त्यात कॉलऱ्याने आधीच फौज पोखरलेली. या हल्ल्याचा हुकूम देणं ही माझ्या मते त्या युद्धातली सर्वांत मोठी बल्गेरियन चूक. पुरेशा हॉविट्झर नसताना आणि कॉलरा पसरलेला असताना त्या बुरुजांवर पायदळ पाठवायला नको होतं.

आता चौथा प्रश्न, मागून येणारे गोळे. बहुतेक लेख हा मुद्दा एका ओळीत संपवतात, म्हणून इथे हिशेबच करून दाखवतो. ७५ मिमीचं पूर्ण काडतूस, गोळा आणि पितळी डबा धरून, साधारण साडेआठ किलोचं. चार तोफांची बॅटरी प्रत्येक तोफेमागे मिनिटाला फक्त पाच गोळे मारते असं धरू. मिनिटाला २० गोळे, दहा मिनिटांत २००, म्हणजे १७०० किलो. एका बैलगाडीत वाईट रस्त्यावर चारशे-साडेचारशे किलो जातात असं धरलं तर एका बॅटरीच्या दहा मिनिटांना चार गाड्या लागतात. एका रेजिमेंटच्या नऊ बॅटऱ्यांना छत्तीस.

आणि त्या गाड्या यायच्या कुठून? सोफियाहून इस्तंबूलला जाणारा रेल्वेमार्ग एडिर्नेतून जातो, आणि एडिर्ने, म्हणजे बल्गेरियनांचं ओड्रिन, अजून शुक्री पाशाच्या ताब्यात होतं. पुढचा थ्रेसमधला मार्ग हाती आला तरी बल्गेरियातून निघालेली आगगाडी तिथवर पोचू शकत नव्हती. माल याम्बोलला उतरवून बैलगाड्यांनी पुढे न्यायचा. याम्बोल ते चाताल्जा सरळ रेषेतच दोनशे किलोमीटरहून जास्त. नोव्हेंबरच्या चिखलात बैलगाडी दिवसाला वीस किलोमीटर गेली तरी दहा दिवसांची वाट. जुन्या ८७ मिमीच्या बॅटरीला हा रस्ता कदाचित पुरला असता. जलद माऱ्याची तोफ गोळे खाते, आणि जो देश ती विकत घेतो त्याला सोबत रस्ते, गाड्या आणि काडतुसांचे कारखानेही घ्यावे लागतात. बल्गेरियाने तोफा घेतल्या, बाकीचं पुरेसं घेता आलं नाही.

इथवरचं एका दमात: लुले बुर्गासला उघडं लक्ष्य, उंचावरची नजर आणि पुरेसे गोळे होते. चाताल्जाला झाकलेलं लक्ष्य, आंधळे निरीक्षक आणि दहा दिवस दूर असलेला साठा.

यावर कोणी विचारेल की मग एडिर्नेचे किल्ले कसे पडले? तिथे बल्गेरियनांनी तोफखाना बदलला. जड तोफा त्यांच्याकडे कमी आणि त्यातल्या बऱ्याच जुन्या, म्हणून सर्बियाकडून जड तोफा मागवल्या. निकोला इव्हानोव्हच्या दुसऱ्या सैन्याने वेढा महिनोन्महिने चालवला आणि मारा करायच्या जागा मोजून, नोंदून ठेवल्या. २४ ते २६ मार्च १९१३ च्या अंतिम हल्ल्यात पूर्वेकडच्या किल्ल्यांवर जड तोफांनी मारा केला, मैदानी ७५ मिमी पायदळाच्या अगदी मागे राहून किल्ल्यांच्या कठड्यांवरच्या शिपायांची डोकी खाली ठेवत होत्या. श्नायडर तोफेला तिच्या ताकदीचं काम मिळालं की ती उत्तम होती हे इथे दिसतं. २६ मार्चला शहर पडलं.

या अनुभवाचं पुढचं रूप बघायचं असेल तर पहिल्या महायुद्धातली दोइरानची आघाडी अभ्यासा. व्लादिमीर वाझोव्ह हा मूळचा गोलंदाज. बाल्कन युद्धात तो जलद माऱ्याच्या रेजिमेंटचा कमांडर होता, आणि १९१७ पासून दोइरानला ९ व्या प्लेव्हेन डिव्हिजनचा. आता बल्गेरियन बचावात होते. उंच टेकडीवरची निरीक्षण चौकी, खडकात आणि काँक्रीटमध्ये बसवलेल्या तोफा, समोरच्या प्रत्येक घळीचं अंतर आधीच मोजून नोंदलेलं. ब्रिटिशांनी एप्रिल-मे १९१७ आणि पुन्हा १८-१९ सप्टेंबर १९१८ ला हल्ले केले, दोन्ही वेळा परतवले गेले. चाताल्जाला बल्गेरियनांनी जे भोगलं तेच इथे त्यांनी समोरच्याला भोगायला लावलं, आणि त्यामागे तीच चार कारणं होती. आघाडी तुटली ती पश्चिमेला, दोब्रो पोलेला. २९ सप्टेंबर १९१८ ला युद्धबंदी झाली, आणि २७ नोव्हेंबर १९१९ च्या न्युई तहाने सैन्य २० हजारांवर आणून जड तोफा बंदच केल्या.

पुढे वाचायला घ्याल तेव्हा एक अडचण हमखास येईल. बल्गेरियन कागदपत्रं १९१६ पर्यंत जुन्या ज्युलियन पंचांगाने आहेत. १८८५ च्या तारखेत १२ दिवस मिळवायचे, १९१२ च्या तारखेत १३. म्हणून स्लिव्हनित्सा कुठे ५ नोव्हेंबर तर कुठे १७ नोव्हेंबर दिसेल, आणि एडिर्नेचा विजय १३ मार्च किंवा २६ मार्च. ऑटोमन कागदांत, त्यांच्या रूमी पंचांगाने, लुले बुर्गास आणि चाताल्जाचं वर्ष १३२८ असेल, तर एडिर्नेच्या पाडावाचं १३२९. तारखा एका पंचांगात आणल्याशिवाय दारूगोळ्याच्या नोंदी आणि लढाईचं वर्णन शेजारी ठेवू नका, नाहीतर गोळे लढाईनंतर पोचले असा खोटा निष्कर्ष निघतो.

आता फोटो. ढाल आहे आणि नळीखाली पाळणा आहे, म्हणजे जलद माऱ्याची तोफ नक्की. पण नळीच्या मागच्या टोकाला चौकोनी, आडवा सरकणारा ठोकळा दिसतोय. श्नायडरच्या मैदानी तोफेला तिथे गोल दार आणि फिरवायचा स्क्रू असता. त्यामुळे ही बहुधा क्रुप. बल्गेरियाने १९१२-१३ मध्ये जिंकलेल्या ऑटोमन क्रुप पहिल्या महायुद्धात स्वतः वापरल्या, तेव्हा ती बल्गेरियन गोलंदाजांनी चालवलेली असू शकते आणि तरीही मूळची त्यांची नसेल. खात्री करायला नळीचा वरचा भाग बघावा लागेल: तुघ्रा, म्हणजे सुलतानाची नक्षीदार सही, असेल तर तोफ ऑटोमन खरेदीतली. गाड्यावरच्या पाटीवर मात्र विसंबू नका, दुरुस्तीत गाडे आणि नळ्या अदलाबदल होत असत, म्हणून नळीवरचं वर्ष आणि क्रमांकच धरा. तेवढ्या भागाचा जवळून काढलेला, बाजूने उजेड असलेला फोटो टाकलात तर तोफेचा नमुना बऱ्याच खात्रीने सांगता येईल.